ऑक्टोबरातली ज्वारी

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, छापील कॅलेंडर वर धरलं आणि सांगून टाकलं, की यंदा हंगामाचा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होईल. बायकांच्या बाजूला तिसऱ्या सतरंजीवर बसलेल्या झुंबरबाईला आधी वाटलं, आपल्या कानातच काही बिघाड झाला. तिनं शेजारच्या सुंदरबाईकडे बघितलं. सुंदरबाईचंही तोंड उघडंच होतं. म्हणजे कान ठीक होते, बिघाड पुढे उभा होता.

पिंप्राळ्यातलं हे चर्च म्हणजे चाळीस घरांची मंडळी. कौलं मिशनच्या काळातली, पंखे दोन, त्यातला एक फिरायचा. वर्षाचे मोठे सण तीन. नाताळ आणि ईस्टर सगळ्या जगाचे, पण हंगामाचा सण आपला, असं झुंबरबाई मानायची. दिवाळी सरली, खरिपाची ज्वारी खळ्यावर आली, की नोव्हेंबरातला एक रविवार धरायचा. ज्यानं त्यानं आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक आणून प्रभुभोजनाच्या मेजापुढे ठेवायचं. ज्याला शेत नाही त्यानं अंडी आणावी, झबलं शिवून आणावं. आणि त्या दिवशी प्रभुभोजनाला पाव नसायचा, नव्या ज्वारीची भाकर असायची. ताटाएवढी, अख्खी, एकच. पाळकानं ती दोन्ही हातांनी वर धरायची, मोडायची, आणि सगळ्या मंडळीनं तिचाच तुकडा तुकडा खायचा.

ती भाकर एकोणतीस वर्षं झुंबरबाई करत होती. त्याआधी मडमबाई पाव भाजायची. एका साली त्या पावाला मुंग्या लागल्या आणि ऐन भक्तीच्या वेळी जुन्या पाळकांनी तोतारामला, म्हणजे झुंबरबाईच्या नवऱ्याला, सायकलवर घरी पिटाळलं, की असेल ते घेऊन ये. घरात तव्यावरून नुकतीच उतरलेली नव्या ज्वारीची भाकर होती. तेव्हापासून ते ठरूनच गेलं. मडम गेली, ते पाळक गेले, तोतारामही गेला. झुंबरबाई जेमतेम दुसरी शिकलेली. पंचांत तिला कोणी घेतलं नाही, महिला मंडळाचा अहवाल तिला धड वाचता येत नसे. पण वर्षातून एकदा ती भाकर वर उचलली जायची, तेव्हा ही कोणाच्या हातची आहे हे चाळीसही घरांना ठाऊक असायचं. तेवढ्यावर ती वर्ष काढायची.

"पाळकसाहेब," ती बसल्या जागेवरून म्हणाली, "ज्वारीला कळवलंय का तुम्ही?"

पुरुषांच्या बाजूला दोघं-तिघं हसले आणि लगेच खोकले.

पाळक नगरकडचे, तरणे, येऊन आठ महिने झालेले. आठ महिन्यांत त्यांनी टीव्हीवरच्या मालिकेपायी रविवारची भक्ती नऊची साडेदहावर नेली, चपला ठेवायची जागा बदलली आणि गाणी पेटीऐवजी गिटारवर घेतली. झुंबरबाईनं हे सगळं गिळलं होतं. गिळलं म्हणजे घरी बोलली होती, चर्चमध्ये नाही.

"अक्का," पाळक गोडीनं म्हणाले, "सणाला जिल्ह्याचे अधीक्षकसाहेब येताहेत, त्यांना तोच एक रविवार मोकळा आहे. आणि आमच्याकडे तोवर पीक निघालेलं असतं."

"तुमच्याकडे बाजरी निघते. ती असते घाईची. आमच्या गावरान ज्वारीचा आत्ता कुठं निसवा होतोय, कणसं बाहेर पडताहेत."

"मग यंदापुरता बेकरीतला पाव आणू. प्रभूला पाव काय आणि भाकर काय, सारखंच."

"आमची हायब्रीड आहे की," मागून पुष्पाबाई म्हणाली. ही पंच जीवरामची बायको, गावाबाहेर विहिरीवर त्यांचं चार एकर रान. "मृगाच्या आधीच पाण्यावर पेरली होती. आठ दिवसांत झोडून होईल. लागलं तर पीठ देते."

आता इथं झुंबरबाईनं गप्प बसावं की नाही. पण हायब्रीड म्हटलं की तिच्या कपाळाची शीर उडायची. ती ज्वारी बुटकी, भाकर पांढरी फटक, चवीला पुठ्ठा. "ते गुरांपुढे टाक," ती म्हणाली. मग उभी राहिली, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "पाव आणायचं काही कारण नाही. नव्या गावरान ज्वारीची भाकर येईल. मी आणीन."

बोलून खाली बसली, तोवर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. सण पंधरा दिवसांवर होता.

*

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी ती एरंडोलच्या एसटीत बसली. एरंडोलहून पुढं चार कोस टमटमनं माहेर. भाऊ उखा बांधावरच भेटला. त्याची ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसं हिरवीगार, वाऱ्यावर मजेत डुलत होती. झुंबरबाईला त्या डुलण्याचाही राग आला. एवढा जीव टांगणीला लागलाय आणि ह्यांना झोके सुचताहेत.

उखानं एक दाणा नखानं दाबून दाखवला. पांढरा थेंब आला.

"आक्का, कनीसमा आजून दूध शे. महिनाभर थांब."

"मी थांबाले तयार शे. आम्हना पाळक तयार नही ना."

"त्यासले ज्वारीनी माहिती नही का?"

"त्यासना मुलुखमा बाजरी पिकस."

"मंग बाजरीनी भाकर कर."

"तू गप ऱ्हाय," झुंबरबाई म्हणाली. "विहिरीपासनी कणसं जरा पिवळी दिसी राहिनात. ती काप."

उखा डोक्याला हात लावून उभा राहिला. "हिरवी ज्वारी कापी ते बठ्ठं गाव माले हासी."

"हासू दे. माले चाळीस घरं हासतीन त्यानं काय?"

मोठ्या बहिणीपुढं तो कधी टिकला नव्हता. त्यानं विळा आणला. विहिरीजवळच्या उथळ जमिनीत ताटं खुरटली होती, तिथली कणसं वेळेआधी पिवळी पडली होती. पिकली नव्हती, नुसती पिवळी पडली होती. हा फरक झुंबरबाईला लहानपणापासून कळत होता, त्या दिवशी तिला तो कळून घ्यायचा नव्हता. दोन पोती भरली. परतीच्या गाडीत कंडक्टरनं पोत्यांचं लगेज फाडलं तेव्हा तिनं त्याला विचारलं, की कोंबडी मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बाईचं तिकीट फाडलंस का रे. कंडक्टर म्हणाला, तिची कोंबडी आहे, तुमची पोती आहेत. ह्यावर बोलण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं, पण अंगात त्राण नव्हतं.

*

पुढले तीन दिवस घर घर राहिलं नाही. गच्चीवर सुनेच्या चांगल्या चादरी अंथरून त्यावर कणसं टाकली. बुधवारी ऊन कडक पडलं. गुरुवारी दुपारी परतीच्या पावसाची एक सर आली आणि सून, सुवार्ता तिचं नाव, धावत वर जाऊन चादरीची टोकं धरून उभी राहिली. मुलगा रुपचंद कचेरीतून आला तो जिन्यात कणसांवर घसरला.

"माय, एका भाकरीसाठी?"

"एका भाकरीसाठी तुझा बाप सायकलवर पळाला होता. तू जिना चढताना पडतोस."

शुक्रवारी कणसं बडवली. सुपात पाखडली तेव्हा निम्मे दाणे भुशाबरोबर उडून गेले, इतके हलके होते. उरले ते सुरकुतलेले, हिरवट. ते तव्यावर शेकून गिरणीत नेले, तर गिरणीवाल्यानं मूठभर दाणे घेऊन एक चावून पाहिला आणि डबा परत सरकवला.

"अक्का, ह्यात ओल आहे. दगडाला लेप बसेल माझ्या."

"तू दळ. दगड मी धुवून देईन."

"दगड धुवायचा नसतो, अक्का."

मग माळ्यावरचं जातं काढलं. सासू-सून समोरासमोर बसून दळू लागल्या. दाणा जात्यात भरडायच्या ऐवजी चेपायचा. तासाभरात सुवार्ताच्या हाताला फोड आला. ती बोलली नाही, आणि ती बोलत नाही याचाच झुंबरबाईला जास्त त्रास झाला. बोलली असती तर चार शब्द ऐकवता आले असते.

शनिवारी दुपारी पीठ परातीत घेतलं. उकळतं पाणी घातलं, मळून मळून पाहिलं. पीठ हाताला चिकटत होतं, पण एकमेकांना धरत नव्हतं. विरीच नव्हती त्यात. थापायला लागली तर कडेनं चिरा. पाणी लावून चिरा बुजवल्या, तव्यावर टाकली, ती उलटताना तीन तुकडे झाले. दुसरी परातीतच फाटली. तिसरी तव्याला चिकटून बसली, ती उलथन्यानं खरवडून काढावी लागली. चौथी थापायला घेतली आणि झुंबरबाईचे हात थांबले. एकोणतीस वर्षांत तिच्या हातून भाकर मोडली नव्हती. उद्या अधीक्षकसाहेबांनी दोन हातांनी ही वर धरली, तर भुगा त्यांच्या पांढऱ्या झग्यावर पडणार, आणि मंडळी बेकरीतल्या पावाची आठवण काढणार.

सुवार्ता हळूच म्हणाली, "आत्याबाई, डब्यात मागच्या सालच्या ज्वारीचं पीठ आहे. त्यात ह्यातलं दोन मुठी मिसळलं तर भाकर धरेल. नवीन नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. आहेच की थोडं."

"आणि कळणार कोणाला?" रुपचंदनं दारातून री ओढली. "पाळकाला तर कळतच नाही."

"पाळकाला न कळणं ही काही अवघड गोष्ट नाही," झुंबरबाई म्हणाली. "मेजापुढं गुडघे टेकून मी काय म्हणू, ते सांग. देवा, हे नवं पीक घे, वरवर नवं आहे, खाली बघू नकोस?"



डब्याचं झाकण तिनं उघडलं होतं, हे खरं. जुनं पीठ मऊ होतं, त्याची भाकर नीट धरली असती. तिनं चिमूट घेऊन बोटांत चोळली. मग झाकण लावलं, हात धुतले, पायात चपला घातल्या. सुवार्तानं विचारलं, कुठं निघालात. "नाक कापून घ्यायला," ती म्हणाली आणि गेली.

*

पाच वाजले असतील. पुष्पाबाई ओट्यावर उडीद निवडत बसली होती. झुंबरबाईला फाटकात बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही. जीवराम खाटेवर होता, तो उठून आत गेला आणि आतून खिडकीशी उभा राहिला. तेवढी अक्कल पंचाला असते.

"सलाम, अक्का. वाट चुकलात का?"

"सलाम. वाट बरोबर आहे. पीठ आहे का तुझ्याकडं?"

"कसलं पीठ?"

"तुला माहीत आहे कसलं."

"नाही बाई. माझ्याकडं दोन प्रकारचं आहे. एक माणसांचं, एक गुरांचं. तुम्हाला कुठलं हवं?"

झुंबरबाईनं ओट्याच्या कडेला बूड टेकलं. पुष्पाबाईच्या मनात तीन वर्षांचं साचलेलं होतं, ते निघू द्यायला हवं होतं. ते निघालं. तीन वर्षांमागं हंगामाच्या सणाला पुष्पाबाईनं हायब्रीडची कणसं आणली, तर अक्का चारचौघात म्हणाल्या, ही बाहेर नेऊन बांधा, पाळकाच्या शेळीला होतील. त्याच्या पुढल्या साली म्हणाल्या, पुष्पाबाईची ज्वारी पुष्पाबाईसारखीच, लवकर येते आणि पोट भरत नाही. गेल्या साली काही म्हणाल्या नाहीत, नुसतं नाकाला पदर लावला. एकेक शब्द पुष्पाबाईनं नीट जपून ठेवला होता.

"नाकाला पदर लावला नव्हता," झुंबरबाई म्हणाली. "सर्दी झाली होती."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं म्हटलं होतं."

पुष्पाबाई उडदातले खडे वेचत राहिली. चार खडे झाल्यावर म्हणाली, "गावरान आणली होती ना तुम्ही? काय झालं तिचं?"

"कच्ची निघाली. भाकर मोडते."

"अगं बाई." पुष्पाबाईच्या आवाजात जे होतं त्याला दया म्हणता आलं नसतं. "आणि मिसळून केली असती तर? घरात जुनं असेलच की."

"असेल."

"मग इथं कशाला आलात?"

झुंबरबाईला ते सांगणं जड गेलं. "नवं तुझ्याकडं आहे म्हणून आले. आणखी काय वदवून घ्यायचंय ते घे, उजेड आहे तोवर."

पुष्पाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "पीठ देते. पण घरी न्यायचं नाही. भाकर इथंच थापायची, माझ्या चुलीवर. माझ्यादेखत."

जीवरामच्या खिडकीचं दार जरा लागलं. बहुधा त्याला हसू आवरत नव्हतं.

चूल पेटली. झुंबरबाईनं परातीत पीठ घेतलं, आपल्या अंदाजानं पाणी ओतलं, आणि पिठाचं पिठलं झालं.

"एवढं पाणी नाही लागत ह्याला," पुष्पाबाई म्हणाली. "हे पीठ तुमच्यासारखं नाही, अक्का. थोडक्यात मऊ होतं."

झुंबरबाईनं आणखी पीठ घालून मळलं. थापली. गोल झाली, पण मधे जाड, कडेला पातळ. ह्या पिठाचा ताल वेगळा होता, हाताखालून ते आधीच पळायचं. तव्यावर टाकली, फुगली नाही. न फुगलेली भाकर तिनं ताटात ठेवली आणि तिच्याकडं बघत बसली. मोडणार नव्हती. चालण्यासारखी होती.

"जरा सरका," पुष्पाबाई म्हणाली.

तिनं गोळा घेतला, मळला, आणि परात फिरवत फिरवत थापू लागली. उगीच दाखवायचं म्हणून नाही, रोज करते तशी. तिच्या बांगड्यांचा नेमका ठेका पडत होता. भाकर ताटाएवढी झाली, तव्यावर पडली, पाण्याचा हात फिरला, निखाऱ्यापुढं उभी केली तशी टम्म फुगली. एक चीर नाही, एक डाग नाही.

दोन भाकरी शेजारी शेजारी होत्या. पुष्पाबाई काही म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर झुंबरबाईनं आपलीच उचलली असती. वीस घरं तुडवत आली, पदर पसरला, ऐकून घेतलं, निदान हात तरी आपला असू दे, असं तिच्या मनात आलंच होतं. हात पुढंही गेला होता. पण मेजावर ठेवायची ती चांगली ठेवायची, एवढं तिला दुसरीपर्यंतच्या शाळेतही शिकवलं होतं. तिनं कमरेचं पांढरं फडकं सोडलं, पुष्पाबाईची भाकर त्यात गुंडाळली आणि उठली.

"कड जराशी जाड आहे," ती जाताना म्हणाली.

"असू द्या," पुष्पाबाई म्हणाली.

*

रविवारी चर्चमध्ये शिरल्याबरोबर झुंबरबाईच्या मस्तकात तिडीक गेली. ऑक्टोबरात कोणाच्या शेतात काही तयार नव्हतं, म्हणून ज्यानं त्यानं केळी आणली होती. मेजापुढं केळीचे घड, खिडक्यांत केळीचे घड, पेटीवर केळी, गिटारच्या पेटीवर केळी. मधे चार डांगरं, मूठभर मूग, आणि कोणीतरी बाजारातून आणलेली सफरचंदं, त्यावरचे कागद तसेच. देवाचं घर की केळीची वखार, हे बघणाऱ्यानं ठरवावं. उकाडा असा, की केळी पिकून वास सुटला होता आणि पंखा नेमका मेजावरच वारा घालत होता.

अधीक्षकसाहेब नीट माणूस निघाले. थोडक्यात बोलले. पाळकांनी मात्र आभार मानायला कागद काढला. पंचांचे आभार, गिटारवाल्याचे आभार, सतरंज्या झटकणाऱ्यांचे आभार. मग अधीक्षकसाहेबांनी फडकं बाजूला करून भाकर उचलली, तेव्हा पाळक म्हणाले, "आणि ही नव्या गावरान ज्वारीची भाकर. आपल्या झुंबरबाई अक्कांनी, दरवर्षीप्रमाणे, आपल्या हातांनी."

भाकर वर गेली. फुगीर, गोल, खिडकीतल्या उन्हात पांढरी स्वच्छ. बायकांत कुजबुज झाली, की अक्कांच्या हाताला जवाब नाही. सुवार्ता खाली बघत होती. पुष्पाबाई चौथ्या सतरंजीवर सरळ समोर बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ती बोलणार नव्हती. हे झुंबरबाईला कळलं आणि तिचा फार संताप झाला. ही बाई गप्प राहून आपल्याला जन्मभर ऋणात ठेवणार.

ती उभी राहिली. गुडघा कडकन वाजला.

"साहेब, थांबा जरा," ती म्हणाली. "ते चुकलंय. ज्वारी गावरान नाही, हायब्रीड आहे. माझी नाही, पुष्पाबाईची आहे. भाकरही तिनंच थापली. मी थापली होती ती फुगली नाही. फडकं तेवढं माझं आहे."

पाळकांनी कागदाकडं बघितलं, जणू तिथं ते लिहायचं राहून गेलं होतं. अधीक्षकसाहेब भाकर वर धरून तसेच उभे होते, त्यांचे हात भरून आले असावेत. मग त्यांनी विचारलं, "पुष्पाबाई कोण?"

पुष्पाबाई उठून उभी राहिली. तोंडाला पदर, कान लाल. पुरुषांच्या बाजूनं जीवराम उगाचच उभा राहिला आणि परत बसला.

"बसा, बाई," साहेब म्हणाले, आणि त्यांनी भाकर मोडली. नीट दोन तुकडे झाले, कणभरही सांडलं नाही.

झुंबरबाईच्या वाट्याला कडेचा तुकडा आला. कड जाड होती, आपण बरोबर होतो. तिनं डोळे मिटून तो चावला. पुठ्ठ्यासारखा लागला असता तर तिला बरं वाटलं असतं. तसा तो लागला नाही. तिनं द्राक्षारसाच्या जागी दिलेल्या मनुकांच्या पाण्याचा घोट घेतला, डोकं टेकवलं आणि देवाला पुष्कळ काही सांगितलं, त्यातलं पाळकांविषयीचं बरंच होतं.

भक्ती सुटल्यावर अंगणात केळी वाटली जात होती आणि कोणी घेत नव्हतं, कारण प्रत्येकाच्या घरी केळीच होती. पुष्पाबाई आपली टोपली शोधत फिरत होती. झुंबरबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"बोलायची काय गरज होती, अक्का?" पुष्पाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "सगळे माझ्याकडं बघताहेत."

"बघू दे. माझ्याकडं एकोणतीस वर्षं बघत आलेत. सवय होते."

"पुढच्या वर्षी तुम्हीच करा."

"पुढच्या वर्षी माझा गुडघा परातीपुढं बसू देतो की नाही कोण जाणे. तू करशील. आदल्या दिवशी मी पाच वाजता येते."

"कशाला?"

"कड बघायला," झुंबरबाई म्हणाली. "आणि चहात साखर कमी टाक. काल विचारलासुद्धा नाहीस."

पुष्पाबाईनं टोपली कडेवर घेतली, थोडं हसली आणि ते लपवायला वळली. झुंबरबाई पाळकसाहेबांना शोधत निघाली. त्यांच्याशी नोव्हेंबरातल्या रविवारांविषयी बोलायचं होतं. ते चर्चच्या पायऱ्यांवर हातात एक घड घेऊन कोणीतरी तो घ्यावा म्हणून उभे होते, आणि तिला येताना बघून त्यांनी घड खाली ठेवला.